‘उद्या या’ म्हणायची खोड

आमच्या मंडळीत महिन्यातून एकदा साक्षीची सभा असते. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि प्रभूनं आपल्याला कशातून बाहेर काढलं ते सांगायचं. माझ्या मिस्टरांची साक्ष आता सगळ्यांना पाठ झाली आहे. चितेगावच्या एका कंपनीत लागल्यापासून त्यांच्या गालात तंबाखू असायची. वीस-बावीस वर्षं. एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. सोमवारी पहिल्या पाळीला जाताना, पैठण रोडला गाडीची वाट बघत उभे असताना, त्यांनी पुडी आणि चुन्याची डबी दोन्ही नालीत टाकल्या आणि विषय संपला. परत बोट लावलं नाही.

ते हे सांगतात तेव्हा लोक ‘हालेलुया’ म्हणतात. मीही म्हणते. पण बरीच वर्षं ते म्हणताना माझ्या पोटात थोडं जळायचं. माझी जी खोड होती ती काही पुडीत बांधलेली नव्हती. ती कुठल्या नालीत टाकायची?

मी ब्लाऊज शिवते. छावणीच्या बाजारामागं आमचं घर आहे. पुढच्या खोलीत मशीन, दाराला पडदा. लग्नानंतर दोन वर्षांनी शिवायला बसले ती आजपर्यंत. हात चांगला आहे. गळा उचलत नाही, बाही ओढत नाही, असं बाया सांगतात. पण जीभ खोटी होती. मोठं काही नाही. कुणाचं घर मोडलं नाही, कुणाचं काही लुबाडलं नाही. फक्त ‘उद्या या.’

बाई दारात आली की मी म्हणायचे, “झालंच आहे, नुसते हुक लावायचे राहिलेत. उद्या या.” आणि तिचं कापड पिशवीत जसंच्या तसं पडलेलं. खिडकीतून कुणी येताना दिसलं की मी झटकन तिचं कापड काढून टेबलावर पसरायचे आणि हातात खडू घ्यायचे. “बघा, तुमचंच घ्यायला बसले होते.” एकदा घाईत एकीच्या ऐवजी दुसरीचं पसरलं. ती म्हणाली, “माझं तर हिरवं होतं.” मी म्हटलं, “हिरवं झालं की! हुकाला दिलंय बाहेर.” विचारसुद्धा करावा लागायचा नाही. पहिलं खोटं उघडं पडायच्या आत दुसरं हजर.

ते मशीनपुरतं राहिलं असतं तर एक वेळ ठीक. पण सकाळच्या प्रार्थनेला गेले नाही की ‘ताप होता’. नणंदेचा फोन उचलला नाही की ‘मोबाईल चार्जिंगला होता’. मिस्टरांनी विचारलं, गॅसचा नंबर लावला का, की ‘लावला’. मग ते आंघोळीला गेले की गुपचूप लावायचा. रविवारी मात्र पुढून तिसऱ्या बाकावर, डोक्यावर पदर घेऊन. पाप म्हणजे दारू, मारामारी, बाहेरचं लफडं, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. शिंप्यानं ‘उद्या’ म्हणायचं नाही तर कुणी म्हणायचं?

मग कन्नडकडच्या त्या मावशी आल्या.

मिस्टरांबरोबर कंपनीत कन्नडच्या पुढच्या एका खेड्यातला एक जण होता. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं. कन्नडला शिंप्यांकडं लगनसराईची गर्दी, म्हणून मिस्टरांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “आमच्याकडं टाक, तुझी वहिनी देईल शिवून.” तेव्हा त्याची आई कापड घेऊन एसटीनं आली. नवरीची पाच ब्लाऊजं होती. साठीच्या आसपासची बाई, उन्हानं रापलेली, अंगानं काटक. घरात आज्या-पणज्यापासून मेंढरं. आता त्यातली थोडी उरलेली, थोडी शेती आणि बाकी मजुरी. माझ्या भिंतीवर मंडळीचं कॅलेंडर होतं, त्यावर खांद्यावर कोकरू घेतलेल्या प्रभूचं चित्र. चहा पिता पिता त्या तिकडंच बघत होत्या.

“हे कोन?”

“आमचा देव. त्याला आम्ही मेंढपाळ म्हणतो.”

“व्हय? मग आमच्यातलाच म्हनायचा.” चित्राकडं बोट करून त्या म्हणाल्या, “पर ज्यानं चितर काढलं त्यानं कदी मेंढरू उचललं नाय. चारी पाय म्होरं मुठीत धरावं लागत्यात. असं धरलं तर लाथा मारून उतरतंय ते.”

मी खूप हसले. मला ती बाई फार आवडली. आणि आवडली म्हणूनच मी तिच्याशी खोटं बोलले, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या आठवड्यात माझ्याकडं आधीच डोक्याएवढा ढीग होता. पण ‘नाही जमणार’ म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं असतं, आणि उतरलेलं तोंड बघायची माझी कधीच तयारी नसायची. “या की मंगळवारी,” मी म्हटलं, “तयार ठेवते.”

मंगळवारी त्या आल्या. गावातून कन्नडपर्यंत जीप, तिथून एसटी, स्टँडवरून रिक्षा. मी म्हटलं, “शुक्रवारी नक्की.” शुक्रवारी म्हटलं, “अस्तर कमी पडलं, सोमवारी या.” सोमवारी त्या आल्या तेव्हा दुसऱ्या दिवशी घरात हळद होती आणि मी एकही ब्लाऊज कापलं नव्हतं.

“बसा ना मावशी. थोडंच राहिलंय, दुपारपर्यंत देते.”

“किती झालंय ते बघू तरी.”

आता काय करणार? मी कोपऱ्यातली पिशवी पुढं केली. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि गाठीवरून बोट फिरवलं.

“ही तर माझीच गाठ हाय,” त्या म्हणाल्या. “म्या बांधलेली.”

मला वाटलं आता गल्ली गोळा होईल. त्या काही ओरडल्या नाहीत. पिशवी काखेत मारली, उठल्या, चपला घातल्या आणि दारातून म्हणाल्या, “बाई, पयल्याच दिशी ‘नाय व्हत’ म्हनली असतीस तर दुसरीकडं टाकलं असतं. नाय म्हनाया काय लागत व्हतं तुला?”

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारापर्यंत गेले, तोवर त्या गल्लीच्या वळणाला पोचल्या होत्या.

लग्न झाल्यावर मिस्टरांना कंपनीत कळलं की नवरी मावसबहिणीच्या ब्लाऊजला पिना लावून बोहल्यावर उभी राहिली. घरी येऊन त्यांनी मला एवढंच सांगितलं, रागावले नाहीत. तेच जास्त लागलं.

त्या रविवारी मी उपासनेनंतर बाकावरच बसून राहिले आणि पोटभर रडले. माझ्याच्यानं होणार नाही, तूच काढ, असं प्रभूला सांगितलं. उठले तेव्हा अंग हलकं झालं होतं. सुटलो आपण, असंच वाटलं. सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला एक शिक्षिका आली. मी हसून म्हटलं, “झालंच आहे मॅडम, नुसते हुक राहिलेत.” ती गेली तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. मी ते ठरवूनसुद्धा बोलले नव्हते. शिंक यावी तसं आलं होतं.

पुढचे दोन-तीन महिने असेच गेले. रविवारी रडायचं, सोमवारी बोलायचं. मग क्षमा मागायचीसुद्धा लाज वाटायला लागली. कुठल्या तोंडानं परत तेच सांगू? प्रार्थनेत मी सगळ्यांसाठी मागायचे, सासऱ्यांच्या गुडघ्यासाठी, शेजारणीच्या मुलाच्या नोकरीसाठी, आणि स्वतःचं आलं की आमेन म्हणून उठायचे.

शेवटी मी पाळकांच्या पत्नीकडं गेले. त्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आहेत, म्हणून आम्ही सगळ्या त्यांना ‘बाई’च म्हणतो. त्या मेथी निवडत होत्या. मी समोर बसून चार काड्या उचलल्या.

“बाई, मला खोटं बोलायची सवय आहे.”

“माहीत आहे.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“माझं ब्लाऊज नाताळापासून तुझ्याकडं आहे. आता ईस्टर आला.”

“तुमचं तर झालंच आहे हो बाई, फक्त हुक...” एवढं बोलले आणि थांबले.

आधी बाईंना हसू फुटलं, मग मला. हसता हसता मी कधी रडायला लागले तेच समजलं नाही. बाईंनी मला रडू दिलं आणि मेथी निवडत राहिल्या.

“किती वर्षं बोलतेस?” त्यांनी विचारलं.

“वीस तरी.”

“मग वीस वर्षांचं एका रविवारी निघेल, असं तुला कुणी सांगितलं?”

“ह्यांचं निघालं की.”

“त्यांचं निघालं, ती देवाची दया. माझं नाही निघालं तसं. मी पोरांना पट्टीनं मारायचे. रोज गुडघे टेकून कबूल करायचे आणि दुसऱ्या तासाला परत मारायचे. मग पट्टी कपाटात ठेवायला लागले. तरी उघडून काढायचे. मग कपाटाची किल्ली हेडमास्तरांकडं दिली. सात वर्षं लागली मला. प्रभू सातही वर्षं होता, वाट बघत.”

हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. साक्षीच्या सभेत असं कुणी सांगत नाही.

“मी काय करू?”

“खोटं तोंडातून गेलं तर गेलं. पण दिवस मावळायच्या आत त्याच माणसाला सांगायचं, की मी खोटं बोलले. बाकी कुणाला नाही, त्याच माणसाला. आणि माझं ब्लाऊज परत दे, मी दुसरीकडं टाकते.”

मला वाटलं त्या गंमत करतात. त्या गंमत करत नव्हत्या.

पहिला फोन मी त्याच शिक्षिकेला केला, कारण त्याच सकाळी तिच्याशी परत तेच बोलले होते. मोबाईल दोनदा हातात घेऊन खाली ठेवला. “मॅडम, सकाळी मी म्हणाले ना, हुक राहिलेत. ते खोटं होतं. तुमचं अजून कापलंच नाही.”

ती म्हणाली, “ताई, ते मला माहीत होतं. तुम्ही सोमवार म्हणालात की आम्ही गुरुवार धरतो. आमच्या सासूबाई तर सरळ आठवडा धरतात.”

मी फोन ठेवला. मी समजत होते, मी लोकांची मनं सांभाळते. आणि इकडं सगळ्यांनी माझ्या बोलण्याचा हिशेब लावून ठेवलेला! माझ्या शब्दाला काही किंमतच नव्हती, आणि ते मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. लाज तर वाटलीच, पण थोडं सैलही वाटलं. जे झाकायला एवढी धडपड करत होते ते मुळात झाकलेलंच नव्हतं.

सुरुवातीला दिवसाला चार-पाच फोन व्हायचे. त्याची इतकी शरम वाटायची की हळूहळू जीभच अडखळायला लागली. ‘झालंच’ म्हणेपर्यंत यायची आणि एक श्वासभर थांबायची. तेवढ्या वेळात मी मनात म्हणायचे, प्रभू, धर मला. कधी धरलं जायचं, कधी नाही. पण दिवाळीपर्यंत फोन दोन दिवसांत एकावर आले.

मग एक नवीनच गंमत झाली. मी खऱ्या तारखा द्यायला लागले आणि त्या तारखेला कुणी येईचना. सगळ्या आपल्या सवयीप्रमाणं चार दिवस पुढचं धरून बसलेल्या. शिवून झालेली ब्लाऊजं खिळ्यांना, खुर्चीला, पलंगाला लटकलेली. मिस्टर पाळीवरून आले की विचारायचे, “मी बसू कुठं?” मी फोन करून सांगायचे, “तुमचं तयार आहे,” तर समोरून, “खरंच?” एक बाई तर नुसती बघायला आली. पिशवी न आणता. ब्लाऊज हातात घेऊन उलटसुलट केलं, हुक मोजले आणि म्हणाली, “ताई, तब्येत बरी आहे ना?”

असं सगळं मार्गी लागलं म्हणेपर्यंत नाताळ आला. नाताळात आमच्या सगळ्या मंडळीला नवे कपडे लागतात आणि सगळ्यांना मीच लागते. मी परत कुणाला नाही म्हटलं नाही. शेवटच्या आठवड्यात तर पडदा लावून आतून आवाज न करता बसायला लागले. नाताळच्या सकाळी उपासनेला गेले तर माझ्या पुढच्याच बाकावर एक ताई नव्याकोऱ्या गुलाबी साडीवर जुनं चॉकलेटी ब्लाऊज घालून बसलेल्या. त्यांचं गुलाबी कापड माझ्या घरी होतं. सबंध उपासनाभर माझ्या डोळ्यांसमोर ती चॉकलेटी पाठ.

पूर्वी असतं तर मी गर्दीतून सटकले असते. त्या दिवशी बाहेर फराळाच्या टेबलापाशी त्यांना गाठलं आणि सांगितलं, “मी घेतलं तेव्हाच मला माहीत होतं की होणार नाही. चुकलं माझं.” त्या रागावल्या आणि बोलल्या बऱ्याच. मी ऐकून घेतलं. घरी येताना मला वाटलं, सगळं पाण्यात गेलं. मिस्टर म्हणाले, “पाण्यात कसं? मागच्या नाताळात तू कबूल केलं होतंस का?” केलं नव्हतं. तेवढा फरक खरा होता.

तेव्हा मला कळलं की माझी खरी अडचण ‘उद्या’ म्हणण्यात नव्हतीच. ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. समोरचा नाराज झाला की मला भीती वाटायची, लहान मुलाला वाटते तशी. त्या भीतीला मी वर्षानुवर्षं माया समजत होते. मग मी ‘नाही’ शिकायला लागले. “या आठवड्यात नाही होणार,” एवढंच वाक्य. पहिल्यांदा म्हणताना मी टेपकडं बघत म्हटलं, बाईकडं नाही. माझी एक जुनी गिऱ्हाईक त्यावरून गेली ती गेलीच. आता गुलमंडीत शिवते. रस्त्यात भेटली की बोलते, पण कापड आणत नाही. त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. पण जग बुडालं नाही.

कन्नडच्या मावशींचं मात्र मनात होतं. त्यांच्या मुलानं तोवर कंपनी सोडली होती. त्याच्याबरोबरच्या कामगारांकडून कळलं की त्या आठवडी बाजारात भाजी घेऊन बसतात. मिस्टरांच्या सुट्टीच्या दिवशी बाजार आला तसे आम्ही एसटीनं कन्नडला गेलो. भाजीच्या रांगेत पाऊण तास हिंडलो. त्या पोत्यावर मेथीच्या जुड्या लावून बसल्या होत्या.

“मावशी, ओळखलं का?”

त्यांनी डोळे बारीक केले. “नाय बा.”

“छावणीतली. ब्लाऊज शिवणारी.”

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. “उद्यावाली!”

शेजारची बाई फिदीफिदी हसायला लागली. मी तिथंच उकिडवी बसले. “मी तुमच्याशी चारदा खोटं बोलले. अस्तर कमी पडलं म्हणाले, तेही खोटं होतं.”

“ते मला ठावं व्हतं. अस्तर म्याच आनलं व्हतं, चांगलं जास्तीचं.” मग त्या मिस्टरांकडं वळल्या. “एवढं सांगाया एसटीनं आली? हिचं डोकं बरं हाय ना?”

“आता बरं आहे,” मिस्टर म्हणाले.

मावशी हसल्या. “तवा लई राग आलता. कन्नड येईस्तोवर तुला शिव्या घातल्या. मंग लगीन झालं, पेरण्या झाल्या, इसरून गेले.” जुड्यांवर पाणी शिंपडत त्यांनी विचारलं, “आता खरं बोलतीस?”

“पुष्कळदा.”

“पुष्कळदा म्हंजी? समद्या येळंला नाय?”

“अजून नाही.”

“माझा मालक धा वर्सांपासून बिडी सोडतोय,” त्या म्हणाल्या. “बंडलावरून चारावर आलाय. चार तर चार.” आणि लगेच, “माझ्या पोरीच्या दिराचं लगीन हाय. तिला दोन शिवायचीत. कदी देशील?”

मी घरातली कापडं मनात मोजली. “कापड हातात आल्यापासून वीस दिवस.”

“वीस? लई लांब झालं.”

जिभेवर ‘पंधरा’ आलंच होतं. मी गिळलं. “वीसच लागतील, मावशी.”

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. “बरं. पर म्या नाय येनार हेलपाटं घालाया. तूच आन.”

त्यांनी गावच्या एकाकडून कापड आणि मापाचं ब्लाऊज पाठवलं, त्याच्या विसाव्या दिवशी आम्ही कन्नडहून जीपनं त्यांच्या गावी गेलो. लेक कडेवर पोर घेऊन माहेरी आलेली होती. तिनं आत जाऊन घालून बघितलं. डाव्या बाहीला जरा घट्ट होत होतं. मी तिथंच ओट्यावर बसून उसवलं आणि हातानं परत शिवलं. मावशींनी बाजरीची भाकरी आणि लसणाचा ठेचा वाढला. त्यांचा मालक बाजेवर बसून बिडी ओढत होता. मी बघितलं तर म्हणाला, “तिसरी हाय,” आणि मान खाली घातली.

आता दारापाशी एक पाटी आहे. आठवड्याला जेवढी होतील तेवढीच ब्लाऊजं मी त्यावर लिहिते, आणि पाटी भरली की भरली. बाया कुरकुरतात, चहा पितात, पुढचा आठवडा घेऊन जातात. ‘उद्या या’ मी अजूनही म्हणते, पण ते उद्याच असतं. कधीमधी घसरते आणि फोन करते.

सध्या माझी लढाई वेगळ्या वाक्याशी चालू आहे. एखादी नवं ब्लाऊज घालून आरशासमोर उभी राहते आणि विचारते, कसं दिसतंय? मी पटकन म्हणते, “छान!” बघायच्या आधीच. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अरे वा, आता बारीकसारीक निघायला लागलं.” परवा एका काकूंनी विचारलं तेव्हा मी तोंड मिटून आधी सगळीकडून बघितलं. पाठीवर एक चुणी पडत होती, माझीच चूक. “छान आहे,” मी म्हटलं, “पण पाठीत चुणी आहे. काढा, अर्ध्या तासात नीट करून देते.” काकू कॉटवर बसून पेपर वाचत राहिल्या. बाहेर कोथिंबीरवाला ओरडत होता. मी पाठ उसवली आणि दिवा जवळ ओढला.